जेसीबी कुठून आला आणि पोकलेन कुठे गेला

तुम्ही विचारलंय की जेसीबी आणि पोकलेन ही मशीनची नावं आहेत की कंपन्यांची, दोघांत आधी कोण, आणि जेसीबी कंपनी एवढी मोठी झाली कशी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दोन्ही कंपन्यांची नावं आहेत. चार टायरवरचं, पुढे रुंद लोडर बकेट आणि मागे खोदायचा हात असलेलं जे मशीन असतं त्याचं खरं नाव बॅकहो लोडर. चेनवर चालणारं आणि वरचा अख्खा भाग गोल फिरणारं ते एक्सकॅव्हेटर. जेसीबी इंग्लंडची कंपनी, पोकलेन फ्रान्सची. दोन्हीचं मूळ शेतीच्या अवजारांत आहे, दोघांनी वायर रोप सोडून तेलाच्या दाबावर भरवसा ठेवला, आणि त्यातली एक अजून धावतेय तर दुसरीचं मशीन बाजारातून गेलं तरी नाव आपल्या तोंडात राहिलं. मी २६ वर्षं हायड्रॉलिक दुरुस्तीत आहे, दोन्ही प्रकारच्या मशिनांच्या पोटात हात घालून झालाय, त्यामुळे हा इतिहास मला जसा दिसतो तसा सांगतो.

आधी दोराचा जमाना समजून घ्या, नाहीतर या लोकांनी नेमकं काय केलं ते कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत खोदकामाची मोठी मशिनं म्हणजे इंजिन, क्लच, ड्रम आणि ड्रमवर गुंडाळलेला पोलादी दोर. ड्रम फिरला की दोर ओढला जायचा आणि दोराबरोबर बकेट. पण दोर फक्त ओढतो, ढकलत नाही. खाली खोदायचं म्हणजे बकेट स्वतःच्या वजनाने जेवढी रुतेल तेवढीच, म्हणून बकेट जड, ती उचलायची म्हणून बूम, म्हणजे मुख्य लांब दांडा, जड, बूम पेलायची म्हणून मशीन जड, आणि एवढं जड मशीन घराच्या पाइपलाइनसाठी चर खणायला कोण आणणार, तिथे माणसंच कुदळ-फावडं घेऊन उभी. अजून एक गोष्ट, दोराच्या मशीनला मनगट नव्हतं. खांदा होता, कोपर होतं, पण बकेट हाताला जवळपास घट्ट बसवलेली, त्यामुळे माती भरल्यावर ती आत वळवून धरणं जमायचं नाही.

हायड्रॉलिक सिलेंडर दोन्ही बाजूंनी काम करतो, तेल मागून सोडलं तर ढकलतो, पुढून सोडलं तर ओढतो. १०० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, सिलेंडर घ्या, २०० बार दाब द्या, जवळपास १६ टनाचा जोर मिळतो, आणि हा सिलेंडर दोन माणसं उचलून ठेवतील एवढाच असतो. मशीन हलकं ठेवून जोर मिळवायची ही युक्ती. तत्त्व काही नवीन नव्हतं, पास्कलचा नियम शाळेतही शिकवतात. अडचण होती ती तेल आत कोंडून ठेवण्याची. ओ-रिंग म्हणजे तेल अडवणारी रबराची गोल कडी, एक प्रकारचं सील. तिच्या अमेरिकन पेटंटसाठी नील्स क्रिस्टेन्सनने १९३७ मध्ये अर्ज केला, आणि महायुद्धात विमानांसाठी अशा सीलांचं उत्पादन प्रचंड वाढलं. त्यामुळे १९४५ नंतर चांगलं सील, चांगला पंप, चांगला होज पाइप सामान्य वर्कशॉपच्या आवाक्यात आला. म्हणूनच बघा, १९४८ ते १९५४ या सहा-सात वर्षांत अमेरिका, इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड अशा सगळीकडे वेगवेगळी माणसं एकाच वेळी हायड्रॉलिक खोदकामाच्या मागे लागलेली दिसतात. हे एकट्या कुणाच्या डोक्यातून आलं असं म्हणणं मला पटत नाही, सील तयार झाले आणि मशीन त्यामागून आलं.

आता जेसीबी. ही अक्षरं म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा माणूस, घराण्याचा शेती अवजारांचा मोठा कारखाना होता, युटॉक्सेटर गावात. युद्धात हा हवाई दलात होता, परत येऊन घरच्या धंद्यात शिरला तर काकांनी सांगितलं की तुझं इथे काही खरं नाही, दुसरं बघ. मग २३ ऑक्टोबर १९४५ ला त्याने त्याच गावात एक गॅरेज भाड्याने घेतलं, साधारण १२ फूट बाय १५ फूट, आपल्याकडे एका खोलीएवढं. त्याच दिवशी त्याला मुलगा झाला, अँथनी, जो पुढे कंपनीचा चेअरमन झाला. भांडवल म्हणजे १ पौंडाला घेतलेलं जुनं वेल्डिंग मशीन आणि युद्धानंतर उरलेलं भंगार पोलाद. त्यातून त्याने शेतकऱ्यासाठी मागे ओतणारी ट्रेलर बनवली. बाजारात ती ४५ पौंडाला गेली आणि वर गिऱ्हाइकाची जुनी शेतातली गाडी (छकडा) मिळाली, ती त्याने ठाकठीक करून पुन्हा ४५ पौंडालाच विकली. हा किस्सा कंपनी अभिमानाने सांगते आणि मला तो आवडतो कारण यात त्याचं सगळं पुढचं वागणं दिसतं, दुसऱ्याने टाकून दिलेली वस्तू घ्यायची, वेल्डिंग चोख करायचं, आणि गिऱ्हाइकाला बाजारात जाऊन स्वतः भेटायचं.

१९४८ पर्यंत सहाच माणसं होती कामाला, तेव्हा हायड्रॉलिकने वर उचलली जाणारी ट्रेलर काढली, युरोपातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. १९४९ ला ट्रॅक्टरच्या पुढे बसवायचा लोडर आला, मेजर लोडर, फोर्डसन मेजर ट्रॅक्टरसाठी. १९५० मध्ये रोस्टर नावाच्या गावात जुन्या चीज फॅक्टरीत कारखाना हलला, आजही मुख्यालय त्याच गावात आहे. १९५१ पासून मशिनं पिवळी रंगवायला लागले.

१९५३ हे महत्त्वाचं वर्ष. बॅमफर्ड नॉर्वेला गेला होता, तिथे त्याने ट्रॅक्टरच्या मागे लावलेला हलका हायड्रॉलिक खोदायचा हात बघितला. परत येऊन त्याने स्वतःचा बनवला, आणि एकाच ट्रॅक्टरला पुढे लोडर, मागे खोदायचा हात अशी जोडी लावली. तीन अक्षरांचा तो तिरका लोगोही त्याच वर्षी मशीनवर आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण बरेच जण चुकीचं लिहितात. बॅकहोचा शोध बॅमफर्डने लावला असं म्हणता येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेन-रॉय कंपनीने पूर्ण हायड्रॉलिक बॅकहो १९४८ ला विकलाही होता, फोर्ड ट्रॅक्टरवर बसवून, कनेक्टिकटच्या वीज कंपनीला. आणि कारखान्यातूनच एकसंध तयार होऊन आलेलं बॅकहो लोडर केस कंपनीने १९५७ मध्ये आणलं, त्याला मॉडेल ३२० म्हणायचे. तेव्हा मान द्यायचाच तर या लोकांनाही द्यायला पाहिजे. बॅमफर्डचं मोठेपण वेगळ्या जागी आहे. त्याने हे मशीन चालवणाऱ्या माणसाच्या बाजूने बघितलं, आणि एकदा हातात घेतलेली गोष्ट सोडली नाही, दर दोन-तीन वर्षांनी तेच मशीन पुन्हा उघडून पुन्हा नीट केलं. त्याचं एक फ्रेंच घोषवाक्य होतं, 'जामे काँताँ', म्हणजे कधीच समाधानी नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे चहाची किटली. १९६० च्या सुमारास जेसीबी ४ मॉडेल आलं तेव्हा केबिनमध्ये १२ व्होल्टचा सॉकेट दिला होता, किटलीसाठी. पहिल्या शंभर मशीनबरोबर किटली दिली आणि बॅमफर्ड स्वतः ती पोचवायला गेला. आज कुणाला हे जाहिरातीचं काम वाटेल. पण मी ऑपरेटर लोकांबरोबर आयुष्य काढलंय, थंडीपावसात आठ-दहा तास केबिनमध्ये बसलेल्या माणसाला कुणीतरी आपला विचार केलाय हे कळतं तेव्हा तो त्या मशीनची ग्रीसिंग वेळेवर करतो, पिन-बुश वाजायला लागली की मालकाला सांगतो. माझ्या अनुभवात मशीनचं निम्मं आयुष्य ऑपरेटरच्या मनावर असतं.

मग १९६३ ला ३सी आलं आणि खरा जेसीबी तिथून सुरू होतो. १९६४ पर्यंत ३,००० च्या वर ३सी विकले गेले. यातली खुबी समजून घ्यायची असेल तर कुठल्याही बॅकहो लोडरच्या मागे जाऊन उभे राहा. खोदायचा हात ज्या खांबावर फिरतो तो खांब मागच्या चौकटीवर डावी-उजवीकडे सरकतो, याला साइडशिफ्ट म्हणतात. म्हणजे भिंतीला लागून चर खणायचा असेल तर अख्खं मशीन भिंतीला तिरकं लावायची गरज नाही, खांब एका कडेला सरकवा आणि सरळ खणत जा. अमेरिकेत रस्ते रुंद, जागा मोकळी, तिथली मशिनं बहुतेक मध्यभागी पक्की बसवलेल्या खांबाची, तिथे हात दोन्ही बाजूंना जास्त फिरतो. युरोपच्या अरुंद गल्ल्यांत साइडशिफ्ट जिंकला, आणि आपल्याकडेही तोच चालला, कारण आपल्या गल्ल्या त्याहून अरुंद. सरकवलेला खांब जागेवर घट्ट धरायला बोल्ट आवळत बसावं लागू नये म्हणून जेसीबीने हायड्राक्लॅम्प दिला, तेलाच्या दाबाने चौकट आपोआप आवळली जाते. मी जेवढी जुनी मशिनं उघडली त्यात क्लॅम्पचे सील गळायला लागले की मागचा हात खोदताना हलतो आणि ऑपरेटरला वाटतं पिन गेली, नवीन पिन टाकतात, पैसे वाया जातात आणि हात तसाच हलत राहतो. तुमचं मशीन असेल तर आधी क्लॅम्प बघा.

पुढचं पटकन सांगतो. १९६० च्या दशकातच गोल फिरणारं जेसीबी ७ एक्सकॅव्हेटर आलं. १९७५ ला मुलगा अँथनी चेअरमन झाला. १९७७ ला लोडऑल आलं, लांब होणाऱ्या दांड्याचं उचलायचं मशीन, बांधकामावर विटांचे पॅलेट वर चढवायला आणि शेतात गवताचे गठ्ठे रचायला, परदेशात हे खूप चालतं, आपल्याकडे कमी दिसतं. १९८० ला ३सीएक्स. १९९१ पासून फास्टट्रॅक ट्रॅक्टर, रस्त्यावर वेगाने पळणारा. २००४ ला स्वतःचं डिझेल इंजिन, आणि ते इंजिन चांगलं आहे हे दाखवायला त्यांनी अशी दोन इंजिनं एका लांबट गाडीत बसवून २३ ऑगस्ट २००६ ला अमेरिकेच्या बॉनव्हिल मिठागरावर ताशी ३५०.०९२ मैल वेग गाठला, डिझेल गाडीचा विक्रम, चालवणारा अँडी ग्रीन. जोसेफ बॅमफर्ड तोपर्यंत नव्हता, तो २००१ ला गेला.

आता पोकलेन, आणि हा भाग मराठीत कुणी फारसा लिहित नाही म्हणून जरा थांबून सांगतो.

पॅरिसच्या ईशान्येला ल प्लेसी-बेलव्हिल नावाचं गाव आहे. तिथे जॉर्ज बताय नावाच्या माणसाने १९२० च्या दशकाच्या शेवटी शेती यंत्रांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. कंपनीचं नाव पडलं पोक्लँ, फ्रेंच उच्चार तसा आहे, आपण स्पेलिंग वाचून पोकलेन केलं. म्हणजे वयाने बघितलं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे, पोकलेन आधी. १९५१ मध्ये त्यांनी टीयू नावाचं हायड्रॉलिक खोदायचं मशीन काढलं, सुरुवातीला ते ट्रॅक्टरच्या जोरावर चालणारं, चाकांच्या गाड्यावरचं, पूर्ण गोल न फिरणारं. पूर्ण ३६० अंशात फिरणारं आणि सगळंच हायड्रॉलिक असं मशीन जर्मनीच्या डेमाग कंपनीने १९५४ मध्येच आणलं होतं, बी ५०४. पण १९६१ ला पोकलेनचं टीवाय ४५ आलं आणि ते हजारोंनी खपलं, हायड्रॉलिक एक्सकॅव्हेटर ही रोजच्या वापराची वस्तू झाली ती अशा मशिनांमुळे.

गोल फिरणं का महत्त्वाचं ते सांगतो. बॅकहोचा हात मागच्या बाजूला अर्धवर्तुळात फिरतो. माती काढून ट्रकमध्ये टाकायची तर ट्रक त्या अर्धवर्तुळात उभा पाहिजे. एक्सकॅव्हेटरचा वरचा भाग इंजिनासकट फिरतो, ट्रक कुठेही उभा करा. पण वरचा भाग सतत फिरत राहणार आणि खाली चेनच्या मोटरना तेल तर वरून पोचवायचं, मग होज पाइप पिळले जाणार. त्यासाठी मधोमध एक स्विव्हल जॉइंट असतो, रोटरी जॉइंट, त्यात खोबणी असतात आणि प्रत्येक खोबणीच्या वर-खाली सील, वरचा भाग कितीही फेरे फिरला तरी तेल खाली जात राहतं. माझे उस्ताद हा जॉइंट उघडताना कुणालाही जवळ बोलू द्यायचे नाहीत, कपडासुद्धा धाग्याचा नको म्हणायचे, एक धागा आत गेला की खोबणी ओरखडली. ते एल अँड टीने बनवलेल्या पोकलेन ९० सीके वर शिकलेले. एल अँड टीने फ्रेंच कंपनीच्या परवान्याने ही एक्सकॅव्हेटरं भारतात बनवली, धरणं, कालवे, खाणी, रस्ते सगळीकडे तीच दिसायची, आणि लोकांनी पहिल्यांदा जवळून बघितलेलं गोल फिरणारं मशीन तेच असल्यामुळे नाव चिकटलं. नंतर टाटा-हिताची आली, कोमात्सु आली, ह्युंदाई आली, सानी आली, पण साइटवर सगळ्यांना हाक एकच, पोकलेन.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. जपानमध्ये एक्सकॅव्हेटरला आजही सर्रास युंबो म्हणतात. युंबो हे फ्रान्सच्या सिकाम कंपनीच्या मशीनचं नाव, जे मूळ इटलीच्या ब्रुनेरी बंधूंच्या कल्पनेवर बनलेलं, आणि मित्सुबिशीच्या कंपनीने परवाना घेऊन १९६१ पासून जपानमध्ये बनवलं. तिथेही पहिल्यांदा आलेल्या मशीनचं नाव सगळ्यांना लागलं.

पोकलेनचं पुढे काय झालं? ते मोठ्याच्या मागे गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ईसी १००० आणलं, शंभर टनांच्या कितीतरी वरचं, त्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं हायड्रॉलिक एक्सकॅव्हेटर. इंजिनियर म्हणून मला त्यांचं कौतुकच वाटतं, कारण तोपर्यंत खाणीतली मंडळी म्हणायची की हायड्रॉलिक छोट्या कामाला ठीक, मोठं काम दोरवाल्या शॉव्हेलचंच, आणि आज खाणींत कित्येक शे टनांची हायड्रॉलिक एक्सकॅव्हेटरं चालतात त्याची वाट या मशीनने दाखवली. पण १९७३ ला तेलाचे भाव भडकले, युरोपातलं बांधकाम बसलं, आणि एवढा पसारा केलेल्या कंपनीला ते झेपलं नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या केस कंपनीने ४० टक्के हिस्सा घेतला आणि १९८० च्या दशकात एक्सकॅव्हेटरचा धंदा पूर्ण त्यांच्याकडे गेला.

मग जेसीबी का तगली? त्याच तेलसंकटातून तीही गेली होती. माझं मत सांगतो, ते चूक असू शकतं पण मी बराच विचार करून म्हणतोय. जेसीबीने मध्यम आकाराचं एकच मशीन धरून ठेवलं, ज्याचं गिऱ्हाईक सरकारी खाण किंवा मोठा ठेकेदार नसून एक-दोन मशीनवाला छोटा माणूस असतो. मोठी खाण मंदीत दहा मशिनांची ऑर्डर एका कागदावर रद्द करते. छोटा मालक मशीन घेणं पुढे ढकलतो पण जुनं मशीन चालवतच राहतो, सुटे भाग घेतच राहतो, त्यावर कारखाना जगतो. आणि घरचाच धंदा, शेअर बाजारात कधी उतरले नाहीत, नफा परत कारखान्यात. पोकलेनही घराण्याचीच होती, तेव्हा फक्त घराण्यामुळे असं मी म्हणणार नाही. फरक पडला तो गिऱ्हाईक कोण यावर.

भारतात नेमकं हेच लागू पडलं. १९७९ मध्ये जेसीबीने एस्कॉर्ट्सबरोबर भागीदारी करून हरियाणातल्या बल्लभगडला कारखाना टाकला, एस्कॉर्ट्स जेसीबी. २००३ मध्ये कंपनी पूर्ण स्वतःकडे घेतली. नंतर पुण्याजवळ तळेगावला कारखाना आला, २०१४ ला जयपूर, अलीकडे गुजरातेत हालोल. आपल्याकडचं मॉडेल ३डी आणि मग ३डीएक्स, वजन साधारण साडेसात टन, ७६ हॉर्सपॉवरच्या आसपास, खोली पावणेपाच मीटरपर्यंत. ३डीएक्सच्या आधीच्या मशिनांत किर्लोस्करचं इंजिन असायचं, आणि त्याचा मेकॅनिकला किती फायदा झाला ते मी स्वतः बघितलंय. किर्लोस्करचं इंजिन पंपावर, जनरेटरवर काम केलेला कुठलाही मिस्त्री उघडू शकायचा, त्यामुळे इंजिनसाठी शहरातून माणूस येईपर्यंत मशीन उभं राहायचं नाही. पुढे कंपनीचं स्वतःचं इंजिन बल्लभगडलाच बनायला लागलं, ते डिझेल कमी खातं हे खरं आहे.

बॅकहो लोडर आपल्या गावागावात का पोचला आणि एक्सकॅव्हेटर का नाही, याचं साधं कारण टायर. एक्सकॅव्हेटर एका साइटवरून दुसऱ्या साइटवर न्यायला लोबेड ट्रेलर लागतो, परवानगी लागते, वळणावर अडकतो. बॅकहो लोडर ऑपरेटर चावी लावतो आणि रस्त्याने स्वतः जातो. सकाळी एकाच्या शेताचा बांध नीट केला, दुपारी पाइपलाइनचा चर खणला, संध्याकाळी मुरूम भरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लोड केल्या, तासाच्या हिशोबाने तीन गिऱ्हाइकं. एक्सकॅव्हेटर खोदण्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट काम करतं पण त्याला दिवसभराचं एकसलग काम पाहिजे. कर्ज काढून पहिलं मशीन घेणाऱ्या तरुणाकडे एकसलग काम नसतं, त्याच्याकडे फोन असतो आणि तुकड्या-तुकड्याची कामं असतात. बॅमफर्डच्या गिऱ्हाइकासारखंच गिऱ्हाईक आहे हे, फक्त देश आणि वर्ष वेगळं.

बॅकहोच्या स्पर्धेत आज इथे बरेच आहेत, केस, महिंद्रा, टाटा-हिताची, एसीई, आणि त्यातली काही मशिनं काही बाबतीत चांगली आहेत, मी सगळ्यांवर काम करतो. पण बांधावर मशीन बंद पडलं की दुसऱ्या दिवशी सील किट, होज, टूथ पॉइंट हाताशी मिळतो का यावर मालक मशीन निवडतो, आणि तिथे जेसीबीने वर्षानुवर्षं डीलर आणि सुट्या भागांचं जाळं विणून ठेवलंय. २०१९ मध्ये 'जेसीबी की खुदाई' म्हणून सोशल मीडियावर जे वारं आलं होतं, लोक तासन्‌तास खोदकाम बघत उभे राहतात म्हणून, त्याने नाव अजून पसरलं, पण तेव्हाही विक्री उभी होती ती सुट्या भागांवर.

एक अनुभव सांगतो कारण मशीन घ्यायचा विचार असेल तर उपयोगी पडेल. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराचं दोन वर्षांचं मशीन माझ्याकडे आलं, तक्रार अशी की गरम झालं की मागचा हात उचलत नाही, सकाळी मात्र ठणठणीत. तिघांनी पंप बदलायला सांगितलं होतं. मी तेल काढून बघितलं तर पातळ, काळं, आणि तळाला बारीक रेती. टाकीच्या झाकणाचा ब्रीदर, म्हणजे आत जाणारी हवा गाळणारा भाग, हरवलेला, तिथे कपड्याचा बोळा कोंबलेला, आणि वर टाकलेलं तेल सुट्या डब्यातलं, कुठल्या ग्रेडचं कुणाला माहीत नाही. गरम झालं की तेल अजून पातळ, कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या झिजलेल्या स्पूलमधून (तेलाची वाट बदलणाऱ्या सरकत्या दांडीतून) परत टाकीत पळायचं, सिलेंडरपर्यंत दाबच पोचायचा नाही. टाकी धुतली, फिल्टर, ब्रीदर, योग्य ग्रेडचं तेल, कंट्रोल व्हॉल्व्हचा एक सेक्शन बदलला, पंप तसाच ठेवला, आणि तो पंप अजून चालू आहे. १९४८ सालापासून या मशीनचा शत्रू तोच आहे, धूळ. त्याच्यापासून वाचवणारा ब्रीदर मशीनमधला सगळ्यात स्वस्त भाग असेल.

तुमच्या मुलाने म्हटलंय की दुसऱ्या कंपनीच्या मशीनला जेसीबी म्हणणं चूक आहे. बोलताना खुशाल म्हणा, इंग्लंडमध्येही लोक असंच म्हणतात. फक्त लिहिताना काळजी घ्या, करारात, टेंडरमध्ये, विम्याच्या कागदात बॅकहो लोडर किंवा हायड्रॉलिक एक्सकॅव्हेटर असंच लिहा आणि पुढे मेक-मॉडेल वेगळं. 'पोकलेनने काम करणे' असं लिहिलेल्या कागदावरून टायरवालं एक्सकॅव्हेटर चालेल की चेनवालंच पाहिजे यावर झालेलं भांडण मी बघितलंय, शेवटी आठवडाभर काम बंद होतं.

आणि पोकलेन अगदीच संपली असंही नाही. एक्सकॅव्हेटरचा धंदा गेला तेव्हा हायड्रॉलिक मोटरचा भाग बताय कुटुंबाकडे राहिला, पोक्लँ हायड्रॉलिक्स नावाने, फ्रान्समध्येच वेर्बेरी गावात. रेडियल पिस्टन मोटर बनवतात, गिअरबॉक्सशिवाय थेट चाकाला बसणाऱ्या, हळू फिरणाऱ्या पण भरपूर टॉर्क देणाऱ्या. रोड रोलर, स्किड स्टीअर, शेतीचे मोठे फवारे यांच्या चाकात त्या असतात. कधी रोलरचं चाक उघडलेलं दिसलं तर मोटरवरची प्लेट पुसून बघा, बऱ्याचदा ते जुनं नाव तिथे सापडतं.